मदत हवी आहे : मागचे हंडे ठेवू की घालवू?

मंडळी, पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका कारागीर काकांचे फोटो काढतेय. मठारकाम, म्हणजे तांब्याचं भांडं ठोकून घडवण्याचं काम, करताना हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला घंगाळावर एक चकचकीत टिकली उमटते. नजर आधी तिथे जावी, मग काकांच्या चेहऱ्याकडे. पण मागे एकावर एक रचलेले हंडे, आणि नेमकी डोक्यातून उगवल्यासारखी दिसणारी ट्यूबलाइट!

५० एमएमची लेन्स एफ/१.८ वर (लेन्सचं छिद्र मोठं) ठेवली की मागचं सगळं धूसर होतं, मग काका कुठेही बसलेले असू शकतात. एफ/८ ला (छिद्र लहान, मागचंही स्पष्ट) हंडे चेहऱ्याशी भांडतात, शिवाय उजेड कमी पडून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० पर्यंत न्यावा लागतो. जागा इतकी अरुंद की त्यांना भिंतीपासून पुढे घेता येत नाही, आणि कामातल्या माणसाला उठवणं जिवावर येतं.

एफ/४ ठेवून जमिनीलगतचा कोन घ्यावा का? की ट्यूब बंद करायला सांगून दारातल्या उजेडावरच काढावं, म्हणजे हंड्यांच्या नुसत्या कडा चमकतील? फ्लॅश नको, तांब्यावर पांढरा डाग पडतो. आणि कृपया कृष्णधवल सुचवू नका, तांब्याचा रंगच तर हवाय! अशा जागी काम केलेल्यांनी सेटिंगसकट सांगावं.