शब्दचर्चा : ‘इन्सुलिनची गोळी’

निशिगंध : “मला इन्सुलिनची गोळी चालू आहे” असं मधुमेहाचे रुग्ण सर्रास म्हणतात. इन्सुलिन तर टोचून घेतात. मग हा प्रयोग चुकीचा धरायचा, की ‘साखरेची गोळी’सारखा चालवून घ्यायचा?

कडुनिंब : चालवून घेऊ नये. ‘तापाची गोळी’, ‘साखरेची गोळी’ यांत ‘-ची’ म्हणजे त्या तक्रारीवरची. पण ‘लोहाची गोळी’ म्हणजे जिच्यात लोह आहे ती. ‘इन्सुलिनची गोळी’ ऐकणारा हा दुसरा अर्थच घेतो, आणि तशी गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही. लोक जिला हे नाव देतात ती बहुधा ग्लिमेपिराइड असते. ती स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. दोन्हींत इन्सुलिनचा कणही नसतो. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाचं स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. त्याने हे नाव ऐकून इंजेक्शन सोडलं आणि गोळीवर राहिला, तर एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारे आम्लधर्मी पदार्थ) साठून जिवावर बेतू शकतं.

निशिगंध : पण खरीच गोळी का करता येत नाही? जठरातल्या आम्लामुळे एवढंच ना?

कडुनिंब : आम्ल ही फक्त सुरुवात. इन्सुलिन हे प्रथिन आहे : 21 आणि 30 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, गंधकाच्या दोन बंधांनी एकमेकींना जोडलेल्या. जठरात पेप्सिन आणि लहान आतड्यात ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन हे पाचक रसांतले घटक त्याचे तुकडे करतात. खाल्लेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचं होतं तेच. आम्लात न विरघळणारं आवरण देऊन जठर पार केलं, तरी एवढा मोठा, पाण्यात रमणारा रेणू आतड्याच्या अस्तरातून फारसा आत जात नाही. जातो तोही आज जास्त, उद्या कमी. माझ्या मते खरी अडचण हीच आहे. इन्सुलिन कमी पडलं तर साखर चढते, थोडं जास्त झालं तर माणूस बेशुद्ध पडतो. ज्याचं मोजमाप असं हलतं राहील त्याच्या भरवशावर डोस ठरवता येत नाही.

पारिजात : मधुमेहावरचं सेमाग्लुटाइड हे औषधही पेप्टाइडच, म्हणजे अमिनो आम्लांची साखळीच, आणि त्याची गोळी अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झाली. तिथे कसं जमलं?

कडुनिंब : त्या गोळीत शोषणाला मदत करणारा वेगळा घटक घातलेला असतो. तरी जेमतेम 1 टक्का औषध रक्तात पोचतं. म्हणून ती रिकाम्या पोटी, फार तर 120 मिलि पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढची 30 मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. ते औषध शरीरात आठवडाभर टिकतं, त्यामुळे रोजचं कमीजास्त सरासरीत मिसळून जातं. जेवणाआधीच्या इन्सुलिनचं काम काही तासांचं. त्याला ही सवलत नाही.

पारिजात : मग ‘टोचणे’ याबद्दलही लिहितो. चिठ्ठीवर ‘अधस्त्वचीय’ लिहिण्यापेक्षा ‘कातडीखालच्या चरबीत’ म्हणावं. सुई स्नायूत गेली तर इन्सुलिन लवकर शोषलं जाऊन साखर अचानक उतरू शकते. इन्सुलिन टोचायच्या पेनची 4 मिमी सुई सरळ 90 अंशांत टोचावी, बटण पूर्ण दाबल्यावर 10 पर्यंत मोजून मगच काढावी, नाहीतर थेंब बाहेर गळतो. रोज तिथेच टोचलं तर गाठ धरते आणि गाठीतून शोषण बिघडतं.

निशिगंध : काही जण ‘दहा पॉइंट घेतो’ म्हणतात. पॉइंट म्हणजे युनिट?

पारिजात : हो, पण हा शब्द धोक्याचा, कारण त्यात नजर सिरिंजवरच्या रेघेवर असते. आपल्याकडच्या कुप्यांत बहुधा 1 मिलिमध्ये 40 युनिट असतात, पेनच्या काडतुसांत बहुधा 100. कुपी 40 ची आणि सिरिंज 100 ची (नारिंगी टोपण) घेतली, तर ‘10’ च्या रेघेपर्यंत प्रत्यक्षात 4 युनिटच भरतात. उलट, 100 चं इन्सुलिन 40 च्या (लाल टोपण) सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं, तर 25 युनिट जातात. ‘युनिट’ म्हणावं, आणि कुपीवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळतो का ते भरण्याआधी पाहावं.