भावाचा ४८२ व्हिसा आणि पुढचं पीआर

सप्रेम नमस्कार मंडळी,

मेलबर्न सोडून आम्हाला म्हापशाला येऊन सहा वर्षं झाली, तरी मंडळाची पत्रं अजून वाचते. आज घरचाच प्रश्न आहे.

माझा धाकटा भाऊ कळंगुटच्या हॉटेलात अकरा वर्षं शेफ आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या एका रेस्टॉरंटनं त्याला ४८२ वर, म्हणजे मालकानं स्पॉन्सर केल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर, न्यायचं कबूल केलंय. ऑफर लेटरमध्ये वर्षाला ७०,००० डॉलर आणि राहायची सोय असं लिहिलंय. डिसेंबरात निघायचं. दोन वर्षं काम केलं की पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, आपोआप मिळतो, असं इथला एजंट सांगतो आणि स्पॉन्सरशिपचे सहा लाख चवथीआधी भरा म्हणतो. आई दागिने मोडायला निघाली आहे. वाड्यावरचे बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर गेले; आमचे आजोबा पोर्तुगीज गेल्यावर, मुक्तीनंतर, बेळगावहून इथे आले, त्यामुळे ती वाट आम्हाला नाही. भावाला येत्या ऑक्टोबरात ४३ पूर्ण होतील. पैसे भरावेत का?

म्हापशाहून, तुमची जुनी सभासद

*

ताई,

एक रुपयाही भरू नका. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं आणि देणं, दोन्ही ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१५ पासून बेकायदा आहे. उघडकीस आलं तर भावाचाच व्हिसा रद्द होऊ शकतो. मालक सरकारकडे कामगाराचं नाव देतो त्याला नॉमिनेशन म्हणतात; त्याबरोबरची लेव्ही, म्हणजे सरकारी आकार, हीसुद्धा मालकानंच भरायची असते, कामगाराकडून वसूल करता येत नाही.

पगारही बसत नाही. या व्हिसासाठीचा किमान पगार १ जुलै २०२५ ला ७६,५१५ डॉलर झाला, तो आकडा दर जुलैत वाढतो आणि राहायची सोय त्यात धरत नाहीत.

पण मला धसका बसला तो भावाच्या वयाचा. ४८२ वरून पीआर म्हणजे मालकाच्या नॉमिनेशनवर मिळणारा कायमचा १८६ व्हिसा. अर्ज करताना वय ४५च्या आत हवं. डिसेंबरात रुजू होऊन दोन वर्षं भरतील तेव्हा ४५वा वाढदिवस होऊन दोन महिने झालेले असतील. आपोआप तर काहीच होत नाही. मालकानं पुन्हा नॉमिनेट करावं लागतं आणि तसं करायचं त्याच्यावर बंधन नाही.

दोन महिने म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मी ४८२च्या आधीच्या जुन्या ४५७ व्हिसावर गेलो, फोंड्याचं घर बायकोवर सोडून. डिसेंबर २०१६ मध्ये, बाविसावा महिना चालू असताना, रेस्टॉरंट बंद पडलं. तेव्हा दोन वर्षं त्याच मालकाकडे भरावी लागत. दुसरा स्पॉन्सर शोधायला ९० दिवस होते. रोज सकाळी बायोडेटा घेऊन किचनच्या मागच्या दारांवर उभा राहायचो. मिळाला असता तरी मोजणी पहिल्यापासून. आता नियम बरेच माणुसकीचे झालेत: नोकरी गेली तर सलग १८० दिवस मिळतात, आणि ७ डिसेंबर २०२४ पासून कुठल्याही मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडचं काम त्या दोन वर्षांत धरलं जातं. वयाची अट मात्र तशीच आहे.

म्हणून मालकाला आत्ताच विचारा: १८६च्या डायरेक्ट एंट्रीखाली थेट नॉमिनेट कराल का? त्यात ही दोन वर्षं लागत नाहीत. तीन वर्षांचा अनुभव, ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाकडून कौशल्य-मूल्यांकन आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात ६ लागतात. शेफ हा व्यवसाय यादीत आहे. मूल्यांकनाला महिने जातात, तेव्हा कागद आजपासून जमवा. मालक नाही म्हणाला, तर भावानं पीआरच्या भरवशावर घर सोडू नये.

फोंड्याहून

*

दादा,

तुमचं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. दागिने परत कपाटात गेले. भावानं रात्रीच मालकाला लिहिलं. पगार वाढवायला तो तयार आहे, डायरेक्ट एंट्रीबद्दल वकिलाला विचारून कळवतो म्हणालाय. एक अडचण आहे. आधी भाऊ जिथे पाच वर्षं होता ते हॉटेल बंद झालंय. अनुभवाचं पत्र कोणाकडून आणू?

*

ताई, आत्ताच्या हॉटेलची अकरा वर्षं भरपूर आहेत, जोर त्यावरच द्या. कामाचे तास, हुद्दा आणि रोजची कामं लेटरहेडवर लिहून घ्या. सोबत पगाराच्या पावत्या, पीएफचा उतारा, फॉर्म १६ आणि बँकेचं पासबुक लावा. जुन्या हॉटेलचा पीएफ दिसत असेल तर तोही जोडा. सगळं जमलं की फोंड्याला या, एकदा एकत्र बसून तपासू.