साथीत लोक मास्क खरंच वापरतात का, हे मोजायचं कसं?

प्रश्न: फोनवरच्या सर्वेक्षणात ‘मास्क वापरता का?’ याला जवळपास सगळे ‘हो’ म्हणतात. रस्त्यावर तसं दिसत नाही. प्रश्न कसा बदलावा? नमुना किती घ्यावा?

उत्तर १: तो प्रश्न काढूनच टाका. त्यात शहाण्यासारखं उत्तर देण्याचा मोह आहे. त्याऐवजी विचारा, “काल शेवटचं बाहेर पडलात तेव्हा मास्क होता का?” आधी एक वाक्य जोडा: “घाईत बऱ्याच जणांचा मास्क घरी राहतो.” मग ‘नाही’ म्हणायला जड जात नाही.

उत्तर २: सोबत प्रत्यक्ष निरीक्षण हवंच. दुकानासारख्या ठिकाणाच्या दारापाशी एक रेषा मनात धरा आणि ती ओलांडणारी दर तिसरी व्यक्ती नोंदवा. नाहीतर नजर विनामास्क लोकांकडेच जाते. नोंदी तीनच: नाक-तोंड झाकलेलं, नाक उघडं, मास्क नाही. हनुवटीवर ओढलेला मास्क तिसऱ्यात, हे आधीच लिहून ठेवा. बहुतेक घोळ इथेच होतो. दोन निरीक्षकांनी पहिला अर्धा तास तीच माणसं, एकमेकांशी न बोलता नोंदवावीत. कोहेनचा कॅपा (दोघांच्या नोंदी योगायोगापलीकडे किती जुळतात याचं माप; पूर्ण जुळल्या तर १) ०.८ च्या खाली आला, तर व्याख्या पुन्हा बसून ठरवा.

उत्तर ३: नमुन्याचं सांगतो. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ±५ टक्के चूक धरली तर ३८५ माणसं. पण हा साध्या यादृच्छिक नमुन्याचा, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी असते तेव्हाचा, आकडा. एका दारावरची माणसं एकमेकांचं बघून वागतात, म्हणून डिझाइन इफेक्ट (अशा वेळी नमुना किती पट वाढवायचा तो आकडा) २ धरा: ७७०. तेही एकाच जागी नको, ठिकाणं वाढवा. मास्क न घातल्याच्या दंडाचा नियम मध्येच बदलला तर लोकांचं वागणंही बदलू शकतं, म्हणून ती तारीख नोंदवहीत हवी.