अमिगा 600 च्या बोर्डावरील गळके कपॅसिटर आणि खुणा पुसलेले भाग: ओळख व बदल

प्रश्न (मडगावहून)

माझे वडील जहाजावर नोकरीला होते आणि 1993 साली परतताना त्यांनी कमोडोर कंपनीचा अमिगा 600 हा घरगुती संगणक आणला होता. त्यानंतरचे कित्येक पावसाळे तो माडीवरच्या कपाटात पडून होता. आता चालू केला असता चित्र स्वच्छ येते, मात्र उजव्या बाजूचा आवाज पूर्ण बंद आहे आणि डावीकडचा दबका, खरखरीत येतो.

बोर्ड उघडल्यावर आवाजाच्या भागातील चंदेरी डबीसारख्या छोट्या कपॅसिटरभोवती तपकिरी, तेलकट थर दिसला आणि तिथले सोल्डर काळपट पडलेले आढळले. त्यातील एक कपॅसिटर सोल्डरिंग आयर्नने तापवून ओढला, तेव्हा खाऱ्या मासळीसारखा वास आला आणि खालचे तांब्याचे पॅडही (ज्या ठिपक्यावर भागाचा पाय सोल्डर करतात तो) त्याच्याबरोबर उखडले. याचे मला फार वाईट वाटले, कारण वडिलांची ही एकच वस्तू मी जपून ठेवली आहे. शेजारच्या एका रेझिस्टरवरील आकडे पुसले गेले आहेत आणि त्यालगतच्या तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढ्या भागावर काहीच छापलेले नाही. हे भाग ओळखावेत कसे आणि उरलेले कपॅसिटर पॅड न गमावता काढावेत कसे? घरी माडाच्या सुरेचे व्हिनेगर आहे. त्याने बोर्ड धुवावा, असे एकाने सुचवले आहे.

उत्तर (म्हापशाहून)

सर्वप्रथम, साफसफाई होईपर्यंत यंत्र पुन्हा चालू करू नका. त्या काळातील पृष्ठभागावर बसवलेल्या ॲल्युमिनियम कपॅसिटरचे तळाचे रबरी बूच कालांतराने सैल होते, आतील द्रव बाहेर पाझरतो आणि तो वीजवाहक व क्षारक असल्यामुळे सोल्डर, पॅड आणि जवळचे ट्रॅक (बोर्डावरील तांब्याच्या रेषा) हळूहळू खातो. तुम्हाला आलेला वास त्याच द्रवाचा आहे. त्यामुळे एक गळलेला दिसला, की बोर्डावरील तसे सर्वच कपॅसिटर बदलावेत; वरून कोरडा दिसणारा शेजारीही बहुधा त्याच वाटेवर असतो.

आयर्न लावण्याआधी तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या मऊ ब्रशने दोन-तीन वेळा घासावा, नंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवावा. व्हिनेगरचा उपयोग अमिगा 500 प्लससारख्या बोर्डांवर निकेल-कॅडमियम बॅटरी गळली असेल तेव्हा होतो, आणि तेव्हाही रंगहीन पांढरेच घ्यावे. सुरेचे व्हिनेगर स्वयंपाकघरातच राहू द्या. त्यातील गाळ आणि साखरेचा अंश बोर्डावर राहतो. धुतलेला बोर्ड आपल्याकडच्या जुलैतल्या हवेत आपोआप वाळत नाही. मी तो रात्रभर टेबललॅम्पच्या उबेत ठेवतो.

काढताना दोन आयर्न एकाच वेळी वापरावीत. दोन्ही पायांवर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावे म्हणून लावायचा पदार्थ) आणि शिशाचे नवे सोल्डर भरपूर चढवावे; 63/37 या कथील-शिसे प्रमाणातील सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळते आणि जुन्या, कुजलेल्या सोल्डरमध्ये मिसळून त्याला पुन्हा वाहते करते. मग कपॅसिटर स्वतःहून सरकला पाहिजे, ओढावा लागता कामा नये. गरम हवेचा झोत मात्र टाळा, कारण त्याने डबीतील द्रव उकळतो आणि ती फुटू शकते.

उत्तर (फोंड्याहून)

वरील मार्गदर्शन योग्य आहे. फक्त एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. तुमचे एक पॅड उखडले, याचा अर्थ खालचा चिकटपणाच गेला आहे, आणि अशा जागी दोन आयर्नचा धक्काही जास्त होतो. मी डबी बारीक कटरने वरून थोडी थोडी कापून टाकतो, खालची प्लास्टिकची बैठक सोडवतो आणि उरलेले दोन पाय एकेक करून वितळवून उचलतो. वेळ लागतो, पण पॅडवर ओढ येत नाही.

भाग ओळखण्याची किल्ली तुमच्या बोर्डावरच आहे. अमिगात आवाज तयार करणाऱ्या पॉला या चिपचे आवाजाचे 4 मार्ग असून 0 आणि 3 डावीकडे, तर 1 आणि 2 उजवीकडे जातात. त्यापुढील डाव्या आणि उजव्या बाजूंची जोडणी एकमेकींची जुळी असते. म्हणून उजवीकडील पुसलेल्या रेझिस्टरचे मूल्य डावीकडील त्याच जागेच्या जोडीदारावर वाचता येते. त्यावर 472 असेल तर 47 पुढे दोन शून्ये, म्हणजे 4.7 किलोओहम, 4R7 असेल तर 4.7 ओहम. मीटरने जागेवरच मोजल्यास समांतर जोडणीमुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, हे ध्यानात ठेवा. काही न छापलेला तपकिरी भाग सिरॅमिक कपॅसिटर आहे. त्याचे मूल्य वरून कधीच कळत नाही. कमोडोरच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकृतीत बोर्डावरचा क्रमांक शोधा किंवा जोडीदाराचे एक टोक उचलून मोजा.

नवे भाग लावताना दिशेची काळजी घ्या. ॲल्युमिनियमच्या डबीवरील काळी पट्टी ऋण टोक दाखवते, तर त्याऐवजी टँटलम कपॅसिटर लावल्यास त्यावरील पट्टी धन टोक दाखवते, आणि उलटा लागलेला टँटलम पेट घेऊ शकतो. टँटलमवर लिहिलेले कमाल व्होल्टेज परिपथातील व्होल्टेजच्या दुप्पट तरी असावे. शिवाय पॉवर सप्लायचे −12 व्होल्ट आधी मोजून पाहा. ते नसले तरी आवाज बिघडतो.

प्रश्नकर्त्याचा पाठपुरावा

दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. −12 व्होल्ट व्यवस्थित मिळाले. उरलेले कपॅसिटर कापून काढले आणि एकही पॅड गेले नाही. रेझिस्टरचे मूल्य डावीकडील जोडीदारावरून मिळाले. सिरॅमिक कपॅसिटर मोजल्यावर चांगला निघाला. उखडलेल्या पॅडच्या जागी भिंगातून पाहिले, तेव्हा ट्रॅक हिरवट होऊन केसाएवढ्या फटीने तुटलेला दिसला. हिरवे कवच खरवडून चकचकीत तांबे उघडे केले आणि तिथून कपॅसिटरच्या पायापर्यंत एनॅमलचा लेप असलेल्या बारीक तारेचा एक धागा जोडला. काल रात्री दोन्ही बाजूंनी आवाज आला.