जीपीएस असताना रेडिओ दुर्बिणींनी पृथ्वीचं फिरणं मोजायचं कशाला?

भुसावळकर सर
काल आपल्या जिल्ह्याच्या गटावर एक पोस्ट फिरली. म्हणणं असं की ५ जुलै २०२४ चा दिवस १.६६ मिलीसेकंदांनी लहान भरला, आणि एवढंसं मोजायला जगभर अवाढव्य अँटेना उभारणं म्हणजे पैशाचा चुराडा, हे काम मोबाइलमधलं जीपीएस फुकटात करतं. खाली सगळ्यांनी वाहवा केली. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलंय, मला गप्प बसवेना.

पृथ्वी स्वतःभोवती किती फिरली, तो कोन जीपीएसला स्वतःहून सापडत नाही. तो त्याला बाहेरून पुरवावा लागतो. उपग्रह पृथ्वीभोवतीच फिरतात आणि त्यांच्या कक्षाही चंद्र-सूर्याच्या ओढीने, सूर्यप्रकाशाच्या दाबाने हळूहळू सरकतात. उपग्रहाची कक्षा सरकली, का पृथ्वीच थोडी जास्त फिरली, हे नुसत्या उपग्रहांवरून ओळखता येत नाही. भुसावळ जंक्शनवर शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असं वाटतं, मग आपण फलाटाचा खांब बघतो. इथे तो खांब म्हणजे क्वेसार, फार दूरच्या आकाशगंगांची अतितेजस्वी केंद्रं. अब्जावधी प्रकाशवर्षं लांब असल्यामुळे आकाशातली त्यांची जागा जवळपास हलतच नाही.

जर्मनीतल्या वेट्झेलची आणि हवाई बेटांवरच्या कोकी पार्कची दुर्बीण एकाच वेळी एकाच क्वेसारकडे वळवतात. दोन्हीकडे हायड्रोजन मेसरचं, म्हणजे अतिशय अचूक असं अणुघड्याळ असतं. एकच लहर दोन ठिकाणी किती फरकाने पोचली, ते नोंदी एकमेकींशी ताडून काढतात. पृथ्वी फिरेल तसा हा फरक बदलतो आणि त्यातून कोन मिळतो. दुर्बिणी एकमेकींपासून पूर्व-पश्चिम दिशेने लांब हव्यात, म्हणून ही जोडी. तासाभराच्या निरीक्षणात उत्तर सेकंदाच्या एक-दोन लाखांश भागापर्यंत नेमकं येतं. एक मिलीसेकंद म्हणजे आपल्या २१ अंश अक्षांशावर जमिनीची ४३ सेंटिमीटर धाव. हे क्षुल्लक आहे असं ज्याला वाटतं त्याने उपग्रहाची कक्षा बसवून दाखवावी.

रावेरचा केळीवाला
त्या पोस्टला मी लाइक दिलं होतं, ते काढणार नाही. सर, ४३ सेंटिमीटरने माझ्या बागेला काय होतं? बाग निसवणीला आली, म्हणजे घड बाहेर पडायला लागले, की पाणी वेळेवर लागतं आणि वीज येते रात्री दोनला. थंडीत पोराला बॅटरी देऊन मोटार चालू करायला पाठवतो. त्या वेळी मला मिलीसेकंद आठवत नाहीत, साप आठवतो.

धुळेकर नाना
काय सांगी राहिना भो तू? आमचे आजोबा पंचांग बघून सूर्योदय मिनिटाला बरोबर सांगायचे, ग्रहणसुद्धा. तेव्हा कुठे होत्या अँटेना? जुन्या लोकांनी केलेलं सगळं विसरायचं आणि परदेशातल्या दुर्बिणींचं कौतुक करायचं, ही आपली खोड आहे.

भुसावळकर सर
नाना, ग्रहणाचंच घ्या. इ.स.पू. १३६ मध्ये बॅबिलॉनला खग्रास सूर्यग्रहण दिसलं, त्याची मातीच्या पाटीवर नोंद आहे. पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरतेय असं धरून गणित केलं, तर ती सावली बॅबिलॉनवर पडतच नाही, फार पश्चिमेला जाते. सुमारे सव्वातीन तासांची तफावत येते. भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस शतकामागे दोनेक मिलीसेकंदांनी लांबतो, त्याची ही दोन हजार वर्षांची साठवण. जुन्यांनी नोंद ठेवली म्हणूनच हे कळलं, त्यांना मी विसरलेलो नाही. पण मिनिटाला जे पुरतं ते उपग्रहाला पुरत नाही.

अमळनेरची ताई
दोन गोष्टी. एक, जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० अँटेना उभ्या आहेत, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी उभारलेल्या. त्यांना हे काम का देत नाहीत? दुसरी, केळीवाल्या भाऊंसाठी. १९९३ ते २०१० या काळात जगभर उपसलेलं भूजल २,१५० अब्ज टन धरलं, तर त्याने पृथ्वीचा ध्रुव जवळपास ८० सेंटिमीटर सरकला, असा अभ्यास २०२३ मध्ये आलाय. रावेर-यावलच्या बागायतदारांनी तरी पृथ्वीच्या फिरण्याशी आपला संबंध नाही असं म्हणू नये.

रावेरचा केळीवाला
घ्या! ध्रुव आम्हीच हलवला. ताई, आधी बागेत या. बहुतेकांकडे ठिबक आहे, पाणी कोणी मोकळं सोडत नाही. लागवड कांदेबागेची असो की मृगबागेची, उन्हाळा त्रेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की झाड उभं ठेवायला पाणी लागतंच. केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, आता पाण्याचं नाव निघालं की आम्ही चोर.

अमळनेरची ताई
चोर म्हटलं नाही. माझं माहेर चोपडा तालुक्यातलं. वडिलांच्या लहानपणी विहिरीवर मोट चालायची, मी मोठी झाले तेव्हा तळ दिसत होता आणि आज त्याच शेतात बोअरमागून बोअर कोरडं जातंय. भावाने कर्ज काढून घेतलेलं शेवटचं बोअर पहिल्याच उन्हाळ्यात फुफाटा द्यायला लागलं. ठिबकने पाणी वाचलं ना? मग वाचलेल्या पाण्यावर केळीचं क्षेत्र कोणी वाढवलं?

शिरपूरहून
दोघंही उपशावरच अडलात. सातपुड्याच्या पायथ्याला वाळू-गोट्यांचा पट्टा आहे, पाणी जमिनीत मुरतं ते तिथे. तो पट्टा बांधकामांनी आणि वाळूउपशाने बुजवायचा आणि नंतर केळीवर खापर फोडायचं? आमच्याकडे नाले खोल-रुंद करून बंधारे घातले, विहिरींना पाणी आलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या मेगा रिचार्ज योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा करार २०२५ मध्ये झाला, बोलणं मात्र कधीचं चाललंय. त्यावर भांडा.

धुळेकर नाना
नाले खोदून पाणी आलं ते पाऊस चांगला झाला त्या वर्षी. दुष्काळात दाखव.

शिरपूरहून
नाना, दुष्काळातच या. राहायची सोय मी करतो.

भुसावळकर सर
पाण्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. खोडदची दुर्बीण साधारण दीड गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरी ऐकते, ती पल्सार म्हणजे स्पंदन करणारे तारे आणि अवकाशातला हायड्रोजन वायू यांच्यासाठी उत्तम. पृथ्वीच्या कोनासाठी वर्षानुवर्षं २.३ आणि ८.४ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे एकदम वापरत आले, कारण आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, लहरींना उशीर लावतो आणि तो दोन पट्ट्यांच्या तुलनेतूनच वजा होतो. शिवाय या कामाला झपाट्याने वळणारी तबकडी लागते.

ध्रुवाबाबत केळीवाल्यांची बाजू घेतो. त्या अभ्यासात भारतातला जो भाग ठळक आहे तो वायव्येचा, खान्देश नव्हे. ध्रुव सरकणं आणि दिवस लहान-मोठा होणं या गोष्टीही निराळ्या. ध्रुवाची जागा जीपीएसही चांगली देतं. फिरण्याच्या कोनाला मात्र क्वेसारच लागतो.

रावेरचा केळीवाला
कोनाचं पटलं, बास. पोस्टवाल्याने जीपीएसचं चुकीचं लिहिलं. लाइक तरी ठेवणार, कारण खर्चाचा प्रश्न कोणी सोडवला नाही. आणि एक सांगा, आमच्या तालुक्याचं किती पाणी गेलं ते यातून निघतं का? निघत असेल तर ताईंना आकडा देऊन गप्प करतो.

भुसावळकर सर
नाही निघत. २००२ पासून गुरुत्वाकर्षण मोजणारे ग्रेसचे उपग्रह भूजल दाखवतात, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचं. तालुका त्यात दिसत नाही. त्यासाठी भूजल खात्याच्या निरीक्षण विहिरीच बघाव्या लागतील.

अमळनेरची ताई
त्या नोंदी मी काढते, चोपड्याच्याही आणि रावेरच्याही. आकडे इथेच टाकीन, कोणाच्याही बाजूचे निघाले तरी.

रावेरचा केळीवाला
टाका. पण मे महिन्याचे टाका, पावसाळ्यानंतरचे नको.