डायमंड वायरने स्टील कापताना अँपिअर तेवढेच, पण कट पुढे सरकत नाही

प्रश्न: वायर सॉवर (हिऱ्याचे मणी ओवलेली स्टीलची दोरी फिरवून कापणारं मशीन) जाड सॉलिड स्टील कापतोय, मणी काँक्रीट कापायचेच, सिंटर्डवाले (धातूच्या भुकटीत हिरे मिसळून तापवून घट्ट केलेले). सुरुवातीला मस्त कापतं, मग हळूहळू कट पुढे जायचाच बंद होतो, आणि मोटरचे अँपिअर मात्र जवळपास तेवढेच. मशीन बंद करून मणी पाहिले तर एकदम गुळगुळीत, चकचकीत, व्यास फारसा कमी झालेला नाही. मग झीज झाली कुठे? वायरचा ताण वाढवू का?

प्रतिसाद १: झीज हिऱ्यांची झालीये, मण्याची नाही. काँक्रीटमध्ये वाळूचा जो चिखल निघतो तो मण्यातला मेटल बाँड (हिरे धरून ठेवणारा धातू) सतत घासतो, त्यामुळे बोथट हिरा गळतो आणि खालचा नवा उघडा पडतो. स्टीलचा कीस बाँडला घासत नाही, उलट हिऱ्यांच्या मधे चिकटून बसतो. स्टीलला ब्रेझ केलेले (हिरे वितळलेल्या धातूने मण्यावर जोडलेले) किंवा इलेक्ट्रोप्लेटेड (विजेने धातूचा मुलामा देऊन बसवलेले) मणी घ्या, हिरे चांगले बाहेर आलेले असतात. हिऱ्यांचा थर एकच असतो, तो गेला की वायर संपली, हे धरूनच चाला. आत्ताची वायर थोडा वेळ काँक्रीटमधून फिरवली तर धार परत येईल.

प्रतिसाद २: अँपिअरवर जाऊ नका. मोटरला फक्त वायरच्या दिशेचं बल कळतं, म्हणजे वेग 20 मीटर प्रति सेकंद आणि कटिंगला 10 किलोवॅट जात असतील तर ते 500 न्यूटन झालं, पण मणी स्टीलवर किती दाबला जातोय ते त्यात येतच नाही. हिऱ्याचं टोक सपाट झालं की तेवढंच रुतायला दाब जास्त लागतो, तो मिळाला नाही तर नुसतं घासणं चालू राहतं आणि पॉवर तिकडे जाते. दर सेंटीमीटरला दाब म्हणजे ताण भागिले वळणाची त्रिज्या, त्यामुळे ताण वाढवला की जिथे वायर कोपऱ्यावर घट्ट वळते तिथले हिरे आधी तुटतात. त्यापेक्षा वायर वळवणाऱ्या पुल्या हलवून ते वळण मोठं करा. वायर तुटली तर मणी गोळीसारखे उडतात, तिच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका, प्लीज.

प्रतिसाद ३: उष्णता विसरू नका. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन ओढून घेतं. बोथट वायर दाबून चालवली तर हिऱ्याचं टोक तिथेच ग्राफाइट व्हायला लागतं. वेग काँक्रीटपेक्षा कमी ठेवा आणि पाणी वायर आत शिरते तिथेच सोडा. मणी एका बाजूने चपटे झालेत का?

प्रश्नकर्ता: नाही, वायरची टोकं जोडताना तिला पीळ दिला होता म्हणजे मणी फिरत राहतात, सगळीकडून गोल आहेत. पाणी मात्र वरून नुसतं ओतत होतो, बाहेर येणारी बाजू कोरडीच असायची. ताण आहे तसाच ठेवतो, आधी पाणी आणि पुल्या बघतो, ब्रेझवाली वायर मागवतोय.