मदत हवी आहे : निशिगंधाचा कोणता परफ्यूम निवडावा?

नमस्कार. वहिनींच्या पन्नाशीनिमित्त त्यांना निशिगंधाचा परफ्यूम द्यावा, असे मनात आहे. त्या मितभाषी असल्या तरी घरात आल्या की सर्वांचे लक्ष आपोआप त्यांच्याकडे जाते, आणि निशिगंधाचा दाट, किंचित मादक दरवळ मला त्यांच्या स्वभावाशी नेमका जुळणारा वाटतो. फ्रेंच सुगंधकार जर्मेन सेलिए यांनी १९४८ साली घडवलेला ‘फ्राका’ हा परफ्यूम याच फुलाभोवती उभा आहे. २०१७ सालच्या ‘गुच्ची ब्लूम’मध्ये निशिगंधाला चमेली व मधुमालतीची जोड असल्याने तो अधिक मोकळा भासतो. माझा कल ‘फ्राका’कडे आहे, परंतु उन्हात जड सुगंध अधिकच फैलावतो, त्यामुळे नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तो डोक्यात तर जाणार नाही ना? कॉलेज रोड परिसरात मनगटावर लावून तासभर पारखू देणारे खात्रीचे दुकान असल्यास कृपया तेही कळवावे.